घर निघाले गावाला

मे महिना आला की खेडच्या वाड्यांमधल्या बंद घरांची कुलुपे निघू लागतात. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचे पहिले दोन दिवस वाळवी, जळमटे आणि रुसलेला पाण्याचा पंप यांतच जातात. मग कुठे आंबा तोंडाला लागतो. सुट्टीचे घर एका जागी उभे राहून आपली वाट पाहणार आणि वाट पाहता पाहता खचणार, हे आपण धरूनच चालतो. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थांनी तसे धरले नाही.

हे ब्रिटिश आरमारातले डॉक्टर. विद्यार्थी असतानाच देवमाशांच्या शिकारी जहाजावरून उत्तर ध्रुवाकडचा समुद्र पाहून आलेले. पुढे प्रकृतीने नोकरी सुटली. इंग्लंडमध्ये ट्वायफर्ड गावी राहून ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. शंभराहून अधिक पुस्तके लिहिली, घरोघरी नाव झाले. पण पायांतले चक्र काही थांबेना.

जिप्सींच्या चाकांवरच्या घरांनी त्यांना वाट दाखवली. ब्रिस्टलच्या कारखान्यात त्यांनी महॉगनी लाकडाची गाडी बांधून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. दिवसाची बैठक तीच रात्रीची निजायची खोली, शिवाय स्वयंपाकाची जागा आणि पुस्तकांचे कपाट. नाव ठेवले 'वाँडरर', म्हणजे भटक्या. १८८५ च्या उन्हाळ्यात ट्वायफर्डहून निघून ते स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेले. प्रवास सुमारे १,३०० मैलांचा. बरोबर गाडीवान, न्यूफाउंडलंड जातीचा दांडगा कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाही. चढावर घोड्यांचे काय हाल होत असतील, हे भोस्ते घाट ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

बँकेत घरकर्जाचे कागद तपासण्यात माझी उमेद गेली. चतुःसीमा नसलेले घर आमच्या लेखी घरच नव्हते! सरकारांचेही तसेच. डॉक्टरसाहेब हौसेने फिरत होते त्याच दशकात जिप्सींच्या गाड्यांची नोंदणी आणि तपासणी व्हावी म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटात विधेयक येत होते. ते संमत झाले नाही. आपल्याकडे मात्र १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा गेला १९५२ साली. जिप्सींचे पूर्वज भारतातून गेले, असे भाषातज्ज्ञ सांगतात. म्हणजे डॉक्टरांची ही हौस मूळची आपल्याच बिऱ्हाडांची. घर तेच, चाके तीच. एकाला वाटेत लोक कौतुकाने पाहायला जमत, दुसऱ्याला गावाबाहेर काढत.

१८८६ साली स्टेबल्स यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि खातीपिती इंग्रज कुटुंबे अशा गाड्या बांधून घेऊ लागली. १९०७ साली त्यांचा कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला, डॉक्टर त्याचे उपाध्यक्ष झाले. १९१० साली ते वारले. 'वाँडरर' अजून आहे. त्या क्लबने ती जपून ठेवली आहे.