कोल्हटकरांचा सुदामा

मराठी विनोदाचे आद्य प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली नागपुरास झाला. शालेय विद्या त्यांनी अकोल्यास संपादिली. पुण्यास पदवी घेतल्यावर ते वऱ्हाडात परतले व अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. १९०२ साली ‘साक्षीदार’ लिहून त्यांनी विनोदी लेखांस आरंभ केला. पुढे ते ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ग्रंथरूप झाले.

कथेतील काही पात्रे अनुभवाने पालटतात. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या मात्र लेखामागून लेख जसेच्या तसेच राहतात. सण बदलतो, रूढी बदलते. त्यांचा भाबडेपणा ढळत नाही. एरवी दोष गणला जाणारा हा साचेबंदपणा येथे गुण ठरला, असे आम्हांस वाटते. कोल्हटकरांनी रूढिभक्तांस दूषणे देण्याऐवजी रूढीचा कैवार सुदाम्याच्याच मुखी घातला. त्यास हसता हसता वाचक स्वतःस ओळखू लागला.

१९३४ साली कोल्हटकर निवर्तले. विद्यार्थिबंधूंनो, एखादे पात्र पालटत नसेल, तर त्यास उणे लेखण्यापूर्वी लेखकाचा हेतू आपण शोधू या.