मायबाखचा फ्लोट

मायबाख म्हटलं की काळ्या काचांची, कोटींमध्ये किंमत असलेली गाडी डोळ्यांसमोर येते. २०२२ मध्ये आपल्या चाकणलाही ह्या नावाची मर्सिडीज तयार होऊ लागली, त्यामुळे नाव सगळ्यांच्या ऐकण्यातलं. पण हे आडनाव ज्याचं, तो विल्हेल्म मायबाख कोण? आयसी इंजिन्सच्या पुस्तकात ऑटो भेटतो, डिझेल भेटतो, डेमलर एखाद्या ओळीत येऊन जातो. मायबाख मात्र शोधावा लागतो. मला तो कार्बोरेटरमुळे सापडला, ते पुढे येईलच. आधी त्याची गोष्ट.

जन्म ९ फेब्रुवारी १८४६, जर्मनीतलं हाइलब्रॉन. वडील सुतार. बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली ते १८५३ साल, तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉयटलिंगेन गावात गुस्टाव वेर्नर नावाचे एक पाद्री अनाथ मुलांसाठी आश्रम चालवत, तिथे त्याची रवानगी झाली. वेर्नर यांचा आश्रम जरा वेगळा होता. पोरांनी नुसतं प्रार्थना करून बसू नये, हातात काहीतरी कसब यावं म्हणून त्यांनी आश्रमाला जोडून कारखानाच काढला होता. विल्हेल्मचा हात ड्रॉइंगला चांगला चालतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि पंधराव्या वर्षी तो ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिला. तिथून तो बोर्ड काही सुटला नाही. कॉलेज नाही, डिग्री नाही. संध्याकाळी गणित आणि फिजिक्सचे क्लास, बाकी सगळं शिक्षण कारखान्यातलं.

१८६३ मध्ये ह्याच कारखान्यावर प्रमुख म्हणून गोटलीब डेमलर आला. वयाने बारा वर्षांनी मोठा, शिकलेला, महत्त्वाकांक्षी आणि बऱ्यापैकी तापट. एक-दोन वर्षांत त्याने हे पोरगं हेरलं, आणि पुढची जवळजवळ ३५ वर्षं जिथे डेमलर तिथे मायबाख. १८६९ ला कार्ल्सरूह, १८७२ ला कोलोनजवळ डॉइट्झचा गॅस इंजिनचा कारखाना. तिथे निकोलाउस ऑटो होता. १८७६ चं ते प्रसिद्ध फोर-स्ट्रोक इंजिन ऑटोचं, पण ते कारखान्यात रोजच्या रोज तयार करता येईल अशा अवस्थेला आणण्यात मुख्य डिझायनर मायबाखचा मोठा वाटा. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्री जागून शीट पुरी करणारा एक असतो आणि प्रेझेंटेशनला पुढे उभा राहणारा दुसरा. ह्या जोडीचं साधारण तसंच होतं. फरक एवढाच की डेमलरशिवाय पैसा, धाडस आणि कारखानाही नसता, हे कबूल करायला हवं.

१८८२ मध्ये ऑटोशी बिनसलं आणि डेमलर स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाटला आला. पाठोपाठ मायबाख. डेमलरच्या बंगल्याच्या बागेत झाडांसाठी काचेचं घर होतं, तिथे दोघांनी दार बंद करून काम सुरू केलं. दिवस-रात्र ठोकाठोकीचे आवाज. माळ्याला वाटलं हे आत खोटी नाणी पाडतायत! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी आत शिरून पाहिलं तर सगळी इंजिनंच इंजिनं.

त्यातलंच एक लहान, उभं, एका सिलिंडरचं इंजिन १८८५ मध्ये लाकडी चौकटीवर बसवलं गेलं. दोन मुख्य चाकं, तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं, इंजिन २६४ सीसी, ताकद अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी १२ किलोमीटर. (घरडा सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये आपला ह्याहून जास्त नसतो.) हीच जगातली पहिली पेट्रोलवरची मोटरसायकल. पेटंटवर नाव डेमलरचं. ड्रॉइंग कोणाची, हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा असा की ह्या इंजिनला पेट्रोल मिळत कसं होतं? तेव्हाचा कार्बोरेटर म्हणजे एक भांडं. त्यात पेट्रोल, त्यावरून हवा जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची. ओल्या कपड्यावरून वारा जातो तसं. पण पेट्रोलमधला हलका भाग आधी उडतो, जड मागे राहतो. सकाळी भांडं भरल्यावर मिश्रण एक, दुपारी दुसरं, थंडीत तिसरंच. शिवाय भांड्यातली पातळी खाली गेली की वाफेचं प्रमाण आणखी बदलायचं. मायबाखने त्यात फ्लोट टाकला, पातळी सांभाळायला. पण वाफेचं गणित काही सुटेना.

इथे मी आमच्या गाडीकडे वळतो. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली काकांची नव्वदच्या दशकातली १०० सीसी टू-स्ट्रोक दोन पावसाळे नुसती उभी होती. सुरू करायला गेलो तर कॉक उघडल्या उघडल्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. किक मारली की भसभस वास, प्लग काढला तर ओलाचिंब. मानपाडा रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने न उघडताच पूर्ण कार्बोरेटर बदला म्हणून सांगितलं. काकांनी आणि मी तो घरीच उघडायचं ठरवलं.

कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली की फ्लोट दिसतो, आणि त्याच्या बिजागरीवर टेकलेली एक छोटी टोकदार सुई. वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर उचलला जातो, सुई आपल्या बैठकीत घुसते, पेट्रोल बंद. पातळी उतरली की सुई खाली, पेट्रोल चालू. संडासाच्या टाकीतला बॉलकॉक बघा, तीच अक्कल. आमच्या वाटीच्या तळाला तपकिरी चिकट थर होता. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे हेच राहतं. सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडलेली, म्हणजे ती बैठकीत नीट बसणं शक्यच नव्हतं. फ्लोट कानाजवळ हलवून पाहिला, आत पेट्रोल खळखळत नव्हतं. फ्लोट फुटका असता तर तो बुडाला असता आणि सुई कितीही नवी घातली तरी गाडी ओव्हरच राहिली असती.

नवी सुई आणि बैठक स्वस्तात मिळाली. जेट काढून क्लीनर मारला, हवेने फुंकले. त्यात तार घालायची नाही, पितळेचं भोक एवढंसं मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. मग वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या बाजूने वर धरली आणि ड्रेनचा स्क्रू ढिला केला. नळीत पेट्रोल जिथे थांबतं, तीच आतली पातळी. वाटीच्या सांध्याच्या जरा खाली हवी. आमची वर येत होती, म्हणून फ्लोटची पत्र्याची जीभ केसभर वाकवली. शेवटी कॉक बंद, चावी बंद, प्लग बाहेर आणि दहा-बारा किक. टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं पेट्रोल खाली क्रँककेसमध्ये साठतं, ते बाहेर काढल्याशिवाय नवा प्लगही ओला होणार. त्या भोकातून वाफ येते, तेव्हा आसपास ठिणगी नको. प्लग पुसून लावला, कॉक उघडला, चोक ओढला, आणि तिसऱ्या किकला निळा धूर!

आता तर आणखी एक भर पडलीय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवावी.

ही सुई आणि ही पातळी आली कुठून हे शोधताना १८९३ सापडलं. त्याआधी थोडं राजकारण झालं होतं. १८९० मध्ये डेमलरने भांडवलदार भागीदार घेऊन कंपनी काढली. त्यांनी मायबाखला दिलेला करार त्याला मान्य होण्यासारखा नव्हता, म्हणून १८९१ मध्ये तो बाहेर पडला. डेमलरचंही भागीदारांशी पटत नव्हतंच. त्याने आपल्या पैशांतून मायबाखला कान्स्टाटमधल्या बंद पडलेल्या हॉटेल हेर्मानमध्ये वर्कशॉप काढून दिलं. तिथे, कंपनीच्या बाहेर, मायबाखने वाफेचा नाद सोडला. पेट्रोलची वाफ होण्याची वाट बघायची नाही, बारीक तोंडाच्या नळीतून त्याचे थेंबच हवेत उडवायचे. पिस्टन हवा ओढतो, नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. पण हे जमायचं तर नळीतलं पेट्रोल तोंडापासून अगदी किंचित खाली उभं असायला हवं. वर आलं तर आपोआप सांडणार, खूप खाली गेलं तर ओढलं जाणार नाही. म्हणून फ्लोट आणि सुई. आमच्या काकांची गाडी ह्याच दोन-तीन मिलिमीटरसाठी अडून बसली होती.

श्रेय वाटायचंच तर हेही लिहायला हवं की हंगेरीत बांकी आणि चोंका ह्या दोघांनी त्याच वर्षी, काही महिने आधी, असाच कार्बोरेटर काढला होता.

१८९५ मध्ये कंपनीने दोघांना परत बोलावलं. मायबाख आता मुख्य डिझायनर. मार्च १९०० मध्ये डेमलर वारला. त्याच वर्षाच्या शेवटी मायबाखने एमिल येलिनेक ह्या गिऱ्हाइकासाठी ३५ हॉर्सपॉवरची गाडी बनवली. बसकी, लांब, पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं. घोड्याशिवायची बग्गी संपली आणि मोटारगाडी सुरू झाली ती इथे. कंपनीचं नाव डेमलर, गाडीला नाव मिळालं येलिनेकच्या मुलीचं, मर्सिडीज. मायबाखचं नाव कुठेच नाही. फ्रान्समध्ये लोक त्याला डिझायनरांचा राजा म्हणायचे, पण स्वतःच्या कंपनीत त्याला हळूहळू बाजूला सारलं गेलं. १९०७ मध्ये तो बाहेर पडला. वय ६१.

ह्या वयात आपल्याकडे माणूस नाना-नानी पार्कात जातो. पुढच्याच वर्षी झेपेलिनचं चौथं विमानजहाज वादळात सापडून जळालं, तेव्हा मायबाखने झेपेलिनला पत्र लिहून आपल्या मुलाचं, कार्लचं, नवं इंजिन सुचवलं. १९०९ मध्ये बाप-लेकांचा इंजिनचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या टेक्निकल विद्यापीठाने ह्या डिग्री नसलेल्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. मायबाख नावाच्या मोटारी आल्या १९२१ मध्ये, त्या कार्लने काढल्या. म्हणजे आडनाव गाडीवर आलं तेही मुलामुळे.

२९ डिसेंबर १९२९ ला, ८३ व्या वर्षी, विल्हेल्म मायबाख स्टुटगार्टमध्ये वारला. कान्स्टाटच्या ज्या दफनभूमीत डेमलर होता, तिथेच त्यालाही पुरलं.