अनिच्छेने ग्रंथपाल झालेला गणिती

भारतात दरवर्षी १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. ज्यांच्या जयंतीनिमित्त तो पाळतात, त्या शियाळी रामामृत रंगनाथन यांना मुळात ग्रंथपाल व्हायचे नव्हते. १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी गावी जन्मलेले रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. अध्यापनावर त्यांचे मनापासून प्रेम होते. वेतन मात्र तुटपुंजे होते. मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले, तेव्हा अधिक वेतनाच्या त्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. या विषयाचे त्यांचे ज्ञान मुलाखतीपूर्वी वाचलेल्या विश्वकोशातील लेखापुरतेच होते. तरीही निवड त्यांचीच झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

थोड्याच दिवसांत त्या निर्जन दालनातील एकांत त्यांना असह्य झाला. वर्गातील विद्यार्थ्यांची सवय असलेल्या माणसाला पुस्तके आणि धूळ यांचीच सोबत उरली होती. आपल्याला पुन्हा गणिताच्या वर्गावर घ्यावे, अशी विनंती त्यांनी कॉलेजच्या प्राचार्यांना केली. अखेर तडजोड ठरली: नेमणुकीच्या अटीनुसार इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकावे, आणि त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल अध्यापनाकडे परतावे. परतीची वाट अशी मोकळी ठेवूनच ते लंडनला निघाले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९१९ मध्ये स्थापन झालेली ग्रंथालयशास्त्राची शाळा ही तेव्हा ब्रिटनमधील अशा प्रकारची एकमेव विद्यापीठीय संस्था होती. तेथे वर्गीकरण शिकविणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन यांच्यातील गणिती त्यांनी अचूक हेरला आणि वर्गाबाहेर पडून प्रत्यक्ष ग्रंथालये पाहण्यास त्यांना प्रोत्साहन दिले. रंगनाथन यांनी अनेक ग्रंथालयांचे कामकाज जवळून पाहिले. मुलांसाठी वेगळे विभाग, कामावरून सुटल्यावर वाचायला येणारे कामगार, स्थानिक करातून चालणारी विनामूल्य देवघेव, हे सारे त्यांना नवे होते. ज्या देशात १९२१ च्या जनगणनेनुसार शंभरातील जेमतेम सात माणसे साक्षर होती, त्या देशातून आलेल्या शिक्षकाला ग्रंथालय ही शाळेइतकीच मोठी शैक्षणिक संस्था होऊ शकते, हे येथे उमगले.

मात्र पाहिले ते सर्वच त्यांना पटले नाही. प्रत्येक ग्रंथालयाची रीत वेगळी होती. त्या रीतींना जोडणारे तत्त्व कोणी मांडीत नव्हते. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयांचे खण आधीच आखलेले असत. नवा किंवा संमिश्र विषय त्यांत बसविताना ओढाताण होई. सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच मोजक्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांतून दरवेळी वेगळे खेळणे तयार होत होते. विषयाचेही असेच घटक पाडून ते द्विबिंदूच्या चिन्हाने जोडता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. त्यातून साकारलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९२५ मध्ये ते मद्रासला परतले ते ग्रंथपाल म्हणूनच. गणिताच्या वर्गाची आठवण त्यांनी पुन्हा काढली नाही. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील पुस्तक आले. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहते, हे त्या सूत्रांचे सार. आज ती साधी वाटतात. पण पुस्तके कुलपात सुरक्षित ठेवणे हेच ज्या काळी ग्रंथपालाचे कर्तव्य मानले जाई, त्या काळी ती क्रांतिकारक होती.

इंग्लंडात पाहिलेली करावर चालणारी ग्रंथालये भारतात यावीत, यासाठी त्यांनी कायद्यांचे मसुदे तयार केले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. रंगनाथन यांच्या प्रयत्नांना १९४८ मध्ये मद्रास प्रांतात यश आले. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा.

आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी १९५६ मध्ये मद्रास विद्यापीठाला दिले. त्यातून पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे रंगनाथन यांचे निधन झाले. जे शिकण्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला होता, ते शिकविण्याची सोय तोवर भारतातील अनेक विद्यापीठांत झाली होती.