कावसजी नायगमवाला : पुण्यातून ताऱ्यांचा पाळणा बघणारा माणूस

भारतातली त्या काळची सगळ्यात मोठी दुर्बीण पुण्यात होती, हे माहीत होतं का? ती चालवणारा माणूस म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७.

वेधशाळा कशी उभी राहिली?

कावसजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच शिकवायला लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारनेही पैसे घातले. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा सुरू झाली. तिथल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा २० इंची होता.

मृगातला धूसर ठिपका

आमच्या चकलांब्यात फेब्रुवारीत रात्री आठला मृग नक्षत्र छान वर आलेलं असतं. बाणाचे तीन तारे एका रेषेत, त्यांच्या खाली एक धूसर ठिपका. मी फोन विटेला टेकवून नाईट मोडवर फोटो काढतो, तेव्हा तो पुसटसा उमटतो. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर.

तेजोमेघाचा प्रकाश फोडला की वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ही रेषा कशाची, यावर तेव्हा मोठा वाद होता. 'नेचर' नियतकालिक काढणारे लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमची. तसं असतं तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. कावसजींनी पुण्यातून तपासलं, तर रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव! १८९१ मध्ये त्यांनी तसं छापलं. समोर केवढा मोठा माणूस होता, बघा. पुढे १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडा केला: ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.

आणि बदलणारे तारे?

त्या ढगात आजही नवे तारे जन्मताहेत. त्यातल्या बऱ्याच ताऱ्यांना 'टी टॉरी' प्रकारचे म्हणतात. वय साधारण दहा लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांमधली तान्ही बाळंच. गाभ्यात अजून हायड्रोजन पेटलेला नसतो. आकुंचन पावूनच ते तापतात. भोवतीच्या चकतीतला वायू अंगावर कोसळतो, पृष्ठभागावर मोठे डाग असतात, म्हणून तेज अनियमितपणे कमीजास्त होतं. हा गट १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी ओळखला. कावसजी त्याआधीच, १९३८ मध्ये, गेले होते.

शेवट चटका लावणारा

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपलं. पण १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. मला यातून एवढंच कळतं: यंत्र देणगीतून येतं, पण ते पुढे चालवणारा माणूस तयार केला नाही तर सगळं थांबतं.