छडी न उगारता साने गुरुजींनी अख्ख्या छात्रालयाला वळण कसं लावलं?

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. रायगडच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणारे बरेच जण माणगाववरून वळतात. त्याच माणगाव तालुक्यात, गोरेगावजवळ वडघर नावाचं गाव आहे आणि तिथं साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे.

गुरुजी म्हटलं की आपल्याला डोळ्यांत पाणी आणणारी 'श्यामची आई' आठवते. पण हा माणूस मुळात शाळामास्तर होता, हे मात्र आपण विसरतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वैभव ओसरलेलं. दापोलीची शाळा परवडेना म्हणून पोरगा औंध संस्थानात गेला, तिथून पुण्याला. परक्या गावात उपाशीपोटी शिकणं काय असतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवावं लागतं.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. आज ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. पुढे तिथलं छात्रालयही त्यांच्याकडे आलं.

आता छात्रालय म्हणजे काय, हे हॉस्टेलला राहिलेल्यांना सांगायला नको. अंथरुणं तशीच पडलेली, कपड्यांचे बोळे, कोपऱ्यात कचरा. त्या काळी यावर सर्वमान्य उपाय एकच, छडी.

गुरुजींनी वेगळंच केलं. मुलं शाळेत गेली की ते खोल्यांतून फिरायचे. केर काढायचे, अंथरुणं घड्या घालून ठेवायचे, पुस्तकं नीट लावायचे, कपडेसुद्धा धुवायचे. कुणी आजारी पडलं तर उशाशी रात्र काढायचे. यावर ना भाषण, ना टोमणा.

मुलं परत आली की खोली चकाचक. हे कोण करतं ते कळल्यावर पोरं ओशाळली आणि हळूहळू आपापला पसारा आवरू लागली. तुमच्याकडून काय अपेक्षा आहे, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. शिवाय नियम सगळ्यांना सारखा होता आणि त्यात मास्तर पहिला.

पण नुसत्या लाजेवर शिस्त किती दिवस टिकणार? इथं गुरुजींची दुसरी युक्ती येते, आणि खरं सांगायचं तर ती आम्हाला जास्त भारी वाटते. त्यांनी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढलं. छापील नव्हे, हातानं लिहिलेलं. रात्री जागून गुरुजी ते लिहायचे आणि सकाळी मुलं वाचायची. इतिहास, साहित्य, थोरांची चरित्रं, देशातल्या घडामोडी, सगळं त्यात. काय करू नका याची यादी भिंतीवर लावण्यापेक्षा काय करण्यासारखं आहे, हे ते रोज मुलांपुढे मांडत होते. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही चालवलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. दिवसा शिकवायचं, खोल्या झाडायच्या आणि रात्री दैनिक लिहायचं, हे दर शिक्षकाकडून मागता येत नाही. सगळा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर होता.

आणि तो माणूस निघाला. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उडी घ्यायला गुरुजींनी नोकरी सोडली. आईसारखा जपणारा मास्तर मुलांच्या आयुष्यातून एकाएकी उठून गेला. मुलांना प्रिय असलेलं काम की देशाचं काम, यातलं एक निवडायची वेळ होती.

पुढे तुरुंगवास. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. विनोबा हे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे आपल्या रायगडचेच. ती प्रवचनं भरभर उतरवून घेतली गुरुजींनी, म्हणून 'गीताप्रवचने' आज आपल्या हातात आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. त्यातली आईही रागवते, पण वळण लावते ते स्वतःच्या वागण्यातूनच.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० ला ते गेले, वयाच्या पन्नाशीत.

वडघरच्या स्मारकात आजही मुलांची शिबिरं भरतात.