सरकारचा हिशेब मागणारे मास्तर

अमेरिकेतील काही राज्यांत सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी मतदार निवडून देतात. आपल्याकडे असे पद नाही. तरी त्याच्या जवळ जाणारे काम एका निवडून आलेल्या मराठी माणसाने तेरा वर्षे केले, आणि तेही परक्यांच्या कौन्सिलात. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले. १८८४ साली बी. ए. होऊन ते पुण्यात शिक्षक झाले. गणित शिकवीत, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालले. सरकारी अहवालांतील आकडे वाचायला मात्र न्यायमूर्ती रानड्यांनी शिकविले.

१८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. तेथे पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी, आलेल्या पत्रांच्या भरवशावर, त्यांनी विधान केले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात छी-थू झाली. ही माफी कित्येकांना भित्रेपणाची वाटते. मला ती पावती नसलेली रक्कम वहीतून खोडणाऱ्या हिशेबनिसाची वाटते.

१९०२ साली ते वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. मतदार म्हणजे मुंबई कौन्सिलातील मूठभर सभासद! अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. त्या वर्षी सरकार सुमारे सात कोटींच्या शिलकेची फुशारकी मारीत होते. नुकताच १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेलेला. आपल्या नगर जिल्ह्यानेही तो भोगला होता. सोलापूरचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडले. रुपयाचा भाव घसरला म्हणून वाढविलेले कर, भाव सावरल्यावरही तसेच ठेवले होते. शिल्लक उरली ती त्यातून. रयत मात्र होती तेथेच होती.

मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, पण दरसाल टोचणी त्यांचीच असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे बिल मात्र १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, ते पुण्यात वारले. तेव्हाही ते कौन्सिलचे सभासद होते.

त्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था १९३० साली पुण्यात निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हेच पुढे आपल्या लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.