स्मृतिचित्रांतील ख्रिस्ती घर : लक्ष्मीबाई टिळक

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत मैंदर्गी हे गाव आहे. येथे एकाच गल्लीत कानडी आणि मराठी सहजपणे बोलल्या जातात. आमच्या घरी संध्याकाळी आधी रोझरी आणि मग दूरदर्शन संच, असा क्रम अनेक वर्षे चालत आला आहे. एका संध्याकाळी आम्ही सर्व जण एका संताच्या जीवनावरील मालिका पाहत होतो. पडद्यावरील त्या घरात कोणी कोणावर रागावत नव्हते, कोणाच्या मनात शंका येत नव्हती. तेव्हा घरातील धाकट्याने विचारले की, श्रद्धावंतांच्या घरी कधी भांडणेच होत नसत काय? त्या वेळी आम्हांला पटेल असे उत्तर देता आले नाही. पुढे ते उत्तर शोधताना आम्हांला ज्या घराची आठवण झाली, त्या घराची आणि त्या घराच्या गृहिणीची ही जीवनकथा आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. त्यांचे माहेर गोखल्यांचे आणि माहेरचे नाव मनकर्णिका. वडील नारायणराव गोखले हे सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अतिशय कडक होते. बाजारातून आणलेली वस्तू पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय त्यांच्या घरात येत नसे. शिवाशिवीच्या भयाने त्या घरातील मुलांचे बालपण आक्रसून गेले होते. मनूला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही. वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, १८८० च्या सुमारास, तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे झाला होता. आईचे छत्र त्यांना लहानपणीच अंतरले होते. नाशिकला राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. कवित्व, वक्तृत्व आणि औदार्य या गुणांनी ते संपन्न होते. मात्र स्थैर्य आणि व्यवहार यांचे आणि त्यांचे फारसे जमले नाही. एका ठिकाणी नोकरी धरावी आणि ती सोडून दुसरीकडे निघून जावे, हाती आलेला पैसा कोणा गरजवंताला देऊन टाकावा, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांचा राग शीघ्र होता आणि पश्चात्तापही तितकाच शीघ्र होता. या सर्वाचा भार तरुण लक्ष्मीबाईंवर पडत असे. त्यातच त्यांची काही अपत्ये बालपणीच दगावली. १८९१ साली जन्मलेला देवदत्त, म्हणजेच दत्तू, हा त्यांचा आधार ठरला.

दुभंगलेले घर

नागपूर येथे वैदिक वाङ्मयाच्या कामात काही काळ घालविल्यानंतर टिळक राजनांदगावकडे निघाले. आगगाडीच्या त्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी धर्माविषयी संभाषण केले आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. अनेक वर्षे मनात घोळत असलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे गवसली. पुढे पुष्कळ अभ्यास आणि मानसिक झगडा झाल्यानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना या निर्णयात सहभागी करून घेण्यात आले नव्हते. बातमी कानी आली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. त्या काळच्या रूढीप्रमाणे नवरा जिवंत असूनही त्या पतीविना झाल्या होत्या. शोकाने त्यांची अशी अवस्था झाली की, जवळच्या माणसांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. नातलगांनी त्यांना सांभाळले. या ताटातुटीच्या काळात त्या आपल्या बहिणीच्या आश्रयाने पंढरपूर येथेही राहिल्या. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील त्या तीर्थक्षेत्री, विठ्ठलनामाच्या गजरात, एक पोळलेली स्त्री लहानग्या मुलाला घेऊन दिवस काढीत होती, हे आठवले की आम्हांला ही कथा फार दूरची वाटत नाही.

हा वियोग सुमारे पाच वर्षे टिकला. त्या अवधीत टिळक तिला पत्रे लिहीत राहिले. आपण तिच्यावर धर्माची सक्ती करणार नाही, तिने आपल्या रीतीप्रमाणे खुशाल राहावे, असे त्यांनी तिला आश्वासन दिले. टिळकांच्या उतावीळ स्वभावाचा विचार करता हे आश्वासन पाळणे त्यांना सोपे नव्हते. परंतु त्यांनी ते पाळले. अखेर लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी आणि त्यांचा स्वयंपाक निराळा ठेवण्यास टिळकांनी मोकळीक दिली. पती ख्रिस्ती आणि पत्नी हिंदू अशा त्या घरात दोघेही एकमेकांचा मान राखून राहू लागले.

पावला-पावलाने आलेली श्रद्धा

लक्ष्मीबाईंचे मन वादविवादाने वळले नाही. भोवतालची माणसे त्या डोळसपणे पाहत होत्या. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतो, अनाथाला कोण पोटाशी धरतो, हे त्यांच्या ध्यानात येत होते. सर्वांत मोठा अडसर होता तो जातिभेदाचा. लहानपणापासून अंगी मुरलेली शिवाशीव एका दिवसात सुटणारी नव्हती. एके रात्री त्या याच विषयावर विचार करीत राहिल्या. देवाने माणूस निर्माण केला, स्त्री आणि पुरुष निर्माण केले, मग या जाती कोणी केल्या? त्या माणसानेच केल्या असल्या पाहिजेत, असा त्यांच्या मनाने कौल दिला. सकाळ झाली तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास त्या सिद्ध झाल्या होत्या. ज्या वडिलांच्या घरात बाजारातील वस्तू धुऊन घेतल्या जात, त्या घरातील लेकीने उचललेले हे पाऊल किती मोठे होते, याची आपण कल्पना करू शकतो.

१९०० साली, दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत असताना, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे घर केवळ तिघांचे राहिले नाही. अनाथ मुले, शिकण्यासाठी आलेले विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे अशा सर्वांना तेथे आश्रय मिळाला. तारा नावाची मुलगी त्या घरची लेक होऊन वाढली. प्लेगच्या साथीत माणसे आपल्या आप्तांनाही टाकून पळत असताना लक्ष्मीबाईंनी मिशनशाळेतील मुलींची शुश्रूषा केली. घरात पैशाची चणचण असे, त्यावरून पतिपत्नींत खटके उडत आणि मग हशाही पिकत असे. टिळकांनी भक्तिगीते आणि अभंग लिहावेत आणि लक्ष्मीबाईंनी उद्याच्या पिठामिठाची चिंता करावी, अशी त्या संसाराची वाटणी होती.

टिळकांच्या भक्तिगीतांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी चाल दिली. तुकोबांच्या अभंगवाणीच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ उभारण्यास आरंभ केला. परंतु ते कार्य पूर्णत्वास जाण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

तीन हातांनी पूर्ण झालेला ग्रंथ

टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्या काव्याचे नाव. आरंभीचे काही अध्याय लिहून झाले आणि ग्रंथ अपुरा राहिला. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी तो पुढे चालविला. ज्या शुभवर्तमानामुळे एके काळी त्यांचे घर दुभंगले होते, त्याच शुभवर्तमानाच्या ओव्या त्या आता रचू लागल्या. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले आणि समारोपाचा भाग पुत्र देवदत्त यांनी लिहिला. १९३८ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वडील, आई आणि मुलगा अशा तिघांनी मिळून पवित्र शास्त्राचे असे मनन केल्याचे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. आपल्या कॅथलिक परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच प्रसिद्ध केले होते. सुमारे तीन शतकांनंतर टिळक कुटुंबाने तोच छंद पुन्हा हाती घेतला.

लक्ष्मीबाईंचे सर्वांत प्रसिद्ध लेखन म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणींतूनच हे आत्मचरित्र साकार झाले. ‘संजीवनी’ नियतकालिकातून ते क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत ग्रंथरूपाने बाहेर पडले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई प्रभूच्या भेटीस गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो मुलाने पूर्ण केला.

या पुस्तकात त्यांनी काहीही लपविले नाही. पतीचा राग, स्वतःचा हट्ट, ताटातुटीतील अश्रू आणि फजितीचे प्रसंग हे सर्व त्यांनी साध्या घरगुती मराठीत सांगितले आहे. स्वतःवर हसण्याची त्यांची तयारी असल्यामुळे वाचकाला दुःखाच्या पानांवरही धीर मिळतो. टिळकांवर त्यांचे अपार प्रेम होते, तरीही त्यांना देव्हाऱ्यात बसवून त्यांनी त्यांचे चरित्र सांगितले नाही.

पडद्यावर आणि आपल्या घरी

१९७२ साली २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि मराठी घरांत पडदा आला. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी दिग्दर्शिका विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’वर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. अशा रीतीने एका ख्रिस्ती घराची कथा सर्व धर्मांच्या मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. पाहणाऱ्यांना त्यात आपल्याच घरातील आई, आजी, रुसवे आणि समजुती दिसाव्यात, अशीच ती कथा आहे.

टिळक कुटुंब कॅथलिक नव्हते. त्यांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केल्यापासून अन्य ख्रिस्ती बांधवांमधील श्रद्धेची संपत्ती आनंदाने ओळखण्यास ख्रिस्तसभा आपणांस शिकवीत आली आहे. तसेच १९९४ सालच्या जागतिक संपर्क दिनासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी दूरचित्रवाणी आणि कुटुंब हाच विषय निवडला होता. आईवडिलांनी मुलांबरोबर बसून कार्यक्रम पाहावेत, पाहिलेल्या गोष्टींवर त्यांच्याशी बोलावे आणि प्रसंगी संच बंदही करावा, असे त्यांचे सांगणे होते.

आम्ही आमच्या घरी तेच करून पाहिले. धाकट्याला लक्ष्मीबाईंची कथा सांगितली आणि श्रद्धावंतांच्या घरीही भांडणे होतात, हे मान्य केले. त्यावर त्याने लगेच विचारले की, टिळकांनी बायकोला न सांगता असे का केले? ते चुकले काय? आम्ही एकमेकांकडे पाहिले. टिळकांना सत्य गवसले होते यात आम्हांला शंका नाही, परंतु ज्या रीतीने ते पत्नीपर्यंत पोहोचले, त्या रीतीने तिचे हृदय विदीर्ण झाले, हेही तितकेच खरे आहे. पुढील पाच वर्षे वाट पाहून आणि दिलेले वचन पाळून टिळकांनी ती जखम भरून काढली.

आम्हांला या जीवनकथेचे मर्म येथेच वाटते. घरातील कर्त्याची श्रद्धा घरातील प्रत्येकाची आपोआप होत नाही. मुलगा रोझरीला बसतो म्हणून त्याच्या मनातील प्रश्न मिटले, असे नाही. घरातील एखादी व्यक्ती प्रार्थनेपासून दूर गेली तर तिला रागावून परत आणता येत नाही. लक्ष्मीबाईंना त्यांचा वेळ मिळाला, त्यांच्या सोवळ्याचाही मान राखला गेला आणि म्हणूनच त्या आल्या तेव्हा संपूर्ण अंतःकरणाने आल्या. टिळकांनी त्या पाच वर्षांत बळजबरी केली असती तर कदाचित ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले असते.

आता आमच्या घरी रोझरीनंतर शुभवर्तमानातील एक उतारा वाचला जातो आणि त्यावर कोणीही, कोणताही प्रश्न विचारू शकतो. दूरदर्शन संच त्यानंतर लागतो, कधी कधी लावावयाचा राहूनही जातो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी असतेच असे नाही. ज्या घरात विश्वास धरणारे आणि अजून शोधणारे एकाच पंगतीला बसतात, त्या आपल्या सर्वांच्या घरांत प्रभू येशू धीर आणि प्रीती वाढवो, हीच आमची प्रार्थना.